घर परवडत नाही, म्हणजे नेमकं काय परवडत नाही?

माझ्या सॅकमध्ये लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठा घ्यायचं मशीन असतं. पुण्यात भाडेकरार नोंदवून देणं हा माझा धंदा. मालक कोथरूडला, भाडेकरू वाकडला. मी दोघांच्या दारी जातो, आधार जुळवतो, फोटो काढतो, अंगठे घेतो आणि करार ऑनलाइन नोंदवून टाकतो. मे-जूनमध्ये तर जेवायला फुरसत नसते.

या कामात एक प्रश्न ठरलेला. परवा वाकडच्या एका टू बीएचकेत नवीन जोडपं राहायला आलं होतं. टेबल अजून पुठ्ठ्यातच होतं, म्हणून चहाचे कप वॉशिंग मशीनवर ठेवलेले. अंगठा देता देता ती म्हणाली, "दादा, तुम्ही एवढी घरं बघता. भाडं भरत बसण्यापेक्षा हप्ता भरलेला बरा ना? निदान घर आपलं तरी होतं."

मी नेहमीसारखं "बघा तुमच्या हिशोबाने" म्हणून सुटलो. खरं उत्तर चहाच्या एका कपात मावणारं नाही. त्यात पुण्यात मी स्वतः भाड्याने राहतो, आणि गावाकडे भूम तालुक्यात आमच्या भाऊबंदांचं एक घर अर्धवट उभं आहे. त्यामुळे "घर परवडत नाही" हे वाक्य मला दोन्हीकडून ऐकू येतं. दोन्हीकडे त्याचा अर्थ मात्र वेगळा निघतो.

आधी त्या जोडप्याचाच हिशोब मांडू. सोयीसाठी गोल आकडे धरतो. फ्लॅटची किंमत ८० लाख, भाडं २४ हजार, दोघांची मिळून महिन्याची मिळकत १ लाख १० हजार.

बँक पूर्ण ८० लाख देत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के एवढंच कर्ज मिळतं. म्हणजे इथे ६४ लाख. उरलेले १६ लाख खिशातून. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर त्यात एक टक्का सूट. नवऱ्याचं नाव जोडलं की सूट गेली. नोंदणी फी ३० हजार. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घेतलं तर ५ टक्के जीएसटी, आणखी ४ लाख. तयार, भोगवटा पत्र मिळालेल्या घराला जीएसटी नाही. मुद्रांक आणि नोंदणीचे पैसे बँक किमतीत धरत नाही, तेही आपलेच. एकूण साधारण २२ ते २६ लाख हातात हवेत, आणि ही फक्त दारात पाऊल टाकायची किंमत.

आता हप्ता. साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षांची मुदत धरली तर एक लाखाला महिना ८६८ रुपये पडतात. हा आकडा पाठ करून ठेवा, कुठल्याही साइट ऑफिसात उपयोगी पडतो. ६४ लाखांना साडेपंचावन्न हजार झाले. पहिल्या हप्त्यातले ४५ हजार नुसतं व्याज, मुद्दल फिटतं १० हजार. पाच वर्षं नेमाने हप्ते भरले, म्हणजे ३३ लाख दिले, तरी ५६ लाखांहून जास्त बाकी असते. वीस वर्षांत बँकेला एकूण १ कोटी ३३ लाख जातात.

व्याजदर मधेच वाढला तर? मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला. तेव्हा बहुतेकांचा हप्ता आहे तेवढाच राहिला, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. वाढली ती मुदत. साडेआठचे साडेनऊ झाले आणि हप्ता तोच ठेवला, तर २० वर्षांचं कर्ज पंचवीस वर्षांच्याही पुढे जातं. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा. विचारलं नाही तर आपण विचारायचं.

मग एवढ्या मिळकतीला किती परवडावं? २००८ साली दीपक पारेख समितीने एक ढोबळ माप दिलं होतं. मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबाने वर्षाच्या मिळकतीच्या पाचपटीपर्यंतचं घर घ्यावं, हप्ता मिळकतीच्या ४० टक्क्यांच्या आत असावा. कमी उत्पन्नवाल्यांना चारपट आणि ३० टक्के. आमच्या जोडप्याची वर्षाची मिळकत १३ लाख २० हजार. पाचपट म्हणजे ६६ लाख. फ्लॅट ८० चा. हप्ता मिळकतीच्या निम्मा. भाडं मात्र २२ टक्क्यांत बसतं. म्हणजे त्याच भिंती, तीच बाल्कनी. राहायला परवडते, विकत घ्यायला परवडत नाही.

टक्क्यांच्या मापात एक खोट आहे, ती सांगून टाकतो. दीड लाख कमावणाऱ्याने ३० टक्के घरावर घातले तर त्याच्याकडे लाखाच्या वर उरतात. पंधरा हजारवाल्या वॉचमनने ३० टक्के घातले तर साडेदहा हजार उरतात, त्यात किराणा, गॅस, शाळा, दवाखाना आणि गावाकडे पाठवायचे. दोघांचे टक्के सारखेच. म्हणून घरावर किती गेले यापेक्षा घर भागवून हातात किती राहिले, हे पाहणं मला जास्त खरं वाटतं.

भाडं आणि किंमत यांची अशी फारकत का होते? २४ हजारांचं वर्षाचं भाडं २ लाख ८८ हजार, म्हणजे ८० लाखांवर साडेतीन टक्क्यांच्या थोडं वर. मुदत ठेवीत याहून जास्त सुटतात. तरीही लोक घेतात, कारण नजर भाड्यावर नसते, जागेचा भाव वाढेल यावर असते. वाळू, सिमेंट, गवंड्याची मजुरी पुण्यात आणि भूममध्ये काही दहापट वेगळी नसते. फरक पडतो तो खालच्या जमिनीत. शहरातला फ्लॅट म्हणजे थोडं घर आणि बरीचशी जमीन, आणि जमिनीत पैसा अडकवून बसणाऱ्याला भाडेकरू मिळाला काय, न मिळाला काय, फार घाई नसते. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांत १ कोटी १० लाखांवर घरं रिकामी होती. २०१२ च्या सरकारी अंदाजात त्याच शहरांत १ कोटी ८८ लाख घरांची टंचाई होती, त्यातली ९६ टक्के अल्प आणि दुर्बल उत्पन्न गटांची. म्हणजे कुलपं एका थरात, गरज दुसऱ्या थरात.

कुलूप लावून ठेवण्यामागे महाराष्ट्रात आणखी एक जुनी भीती आहे. माझा सगळा धंदा त्या भीतीवर उभा आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

१९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला गोठवली. महागाईच्या काळात भाडेकरूला आसरा मिळावा हा हेतू बरोबर होता. पण ती पातळी पुढे दशकानुदशकं तशीच राहिली. गिरगाव-लालबागच्या चाळींत पंख्याच्या विजेपेक्षा कमी भाड्यात खोल्या राहिल्या, मालकाने डागडुजी सोडली आणि इमारती खचत गेल्या. उघड भाडं वाढवता येईना, म्हणून पागडी आली, म्हणजे खोली देताना भाड्याखेरीज घ्यायची एकरकमी रक्कम. भाडेकरू ठेवायचा नाही म्हणून मालकांनी 'लीव्ह अँड लायसन्स'ची, म्हणजे भाडेपट्टा न देता नुसती राहायची परवानगी द्यायची पळवाट काढली, तर १९७३ मध्ये सरकारने दुरुस्ती करून १ फेब्रुवारी १९७३ रोजी राहत असलेल्या अशा लोकांनाही भाडेकरूचं संरक्षण दिलं. "आज ठेवला, उद्या मालक झाला" ही कोथरूडच्या आजोबांच्या तोंडची म्हण त्या काळातली आहे. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने गोठलेलं भाडं अवाजवी ठरवलं, आणि पुढे १९९९ चा नवा कायदा आला. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. जुन्या भाडेकरूंना वर्षाला ४ टक्के वाढ, पागडीला कायद्याची मान्यता, आणि लायसन्सवर राहणाऱ्याने मुदत संपून जागा सोडली नाही तर दुप्पट भरपाई.

तर मग भाडेकरार अकरा महिन्यांचाच कशासाठी करतात? नोंदणी कायद्यात वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नाही, तिथून ही सवय देशभर पडली. पण महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ सांगतं की करार कितीही महिन्यांचा असो, लेखी आणि नोंदणीकृत हवा. जबाबदारी मालकाची, न केल्यास दंड किंवा कैद, आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. म्हणजे आपल्याकडे अकरा महिन्यांत काही वाचत नाही. उलट जातंच. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज मिळतं असं मानून तेही मिळवायचं. वर शहरात नोंदणी फी १ हजार, ग्रामीण भागात ५००. आमच्या जोडप्याला अकरा महिन्यांचा करार साधारण १,७०० ला पडला. दर वेळी नवा केला तर तीन करारांचे पाच हजार. तेच ३६ महिन्यांचा एकच करार केला असता तर सव्वातीन हजारांत काम झालं असतं, आणि भाडं किती वाढणार तेही आधीच कागदावर आलं असतं. हे सांगून मी माझ्याच पोटावर पाय देतोय, पण सांगतो.

भाडेकरूला भाड्याने तेवढा घाम फुटत नाही, जेवढा एकरकमी पैशाने फुटतो. तीन महिन्यांचं डिपॉझिट ७२ हजार, एजंटची एक महिन्याची दलाली, आगाऊ भाडं, टेम्पो आणि हमाल. सव्वा-दीड लाख जमवल्याशिवाय चावी हातात पडत नाही. अकरा महिन्यांनी मालकाच्या पुतण्याचं लग्न ठरलं की हाच खेळ पुन्हा. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतं ठेवलंय, पण तो नुसता नमुना आहे. राज्याने तसा कायदा केला तरच लागू. ज्याच्याकडे एकरकमी पैसे आहेत त्याच्यासाठी उलट 'हेवी डिपॉझिट' असतं: पाच-दहा लाख मालकाकडे ठेवा आणि भाडं नाममात्र द्या. ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्यासाठी सदाशिव पेठेतली कॉट बेसिस. स्पर्धा परीक्षेवाल्या पोरांच्या एकेका खोलीत चार-चार कॉट, भाडं खोलीचं नव्हे, कॉटचं. चौरस फुटाला किती पडलं हे काढलंत तर वाकडच्या टू बीएचकेपेक्षा महाग निघेल. शिवाय काहींना पैसे असूनही घर मिळत नाही. "फॅमिली आहे का", "आडनाव काय", "नॉनव्हेज करता का" हे तिन्ही प्रश्न मी फोनच्या स्पीकरवर ऐकलेत.

शहरात जमेना म्हणून माणूस बाहेर सरकतो. इथे एक चूक सगळे करतात. स्वस्त घराच्या किमतीत प्रवास धरत नाहीत. रोज येऊन-जाऊन ५० किलोमीटर, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे १,३०० किलोमीटर. पंचेचाळीसचं ॲव्हरेज देणाऱ्या गाडीला २९ लिटर पेट्रोल, म्हणजे साधारण तीन हजार रुपये. पंक्चर आणि पाठदुखी वेगळी. बदलापूर-विरारला राहून मुंबईत नोकरी करता येते ती लोकलच्या पासामुळे. पुण्याच्या बाजूला लोणावळ्याचा मार्ग सोडला तर तशी लोकल नाही, म्हणून तिथलं लांबचं घर दिसतं तेवढं स्वस्त नसतं.

त्याहून लांब गेलं की गुंठा लागतो. १,०८९ चौरस फूट, कमानीवर 'बंगलो प्लॉट' लिहिलेलं, आणि व्यवहार नोटरीवर. गुंठेवारी नियमित करायचा कायदा २००१ चा आहे, सगळ्यांच्या नशिबी तो लागत नाही. नोटरीवरच्या अशा व्यवहारात बहुतेकदा खरेदीखत होत नाही, सातबाऱ्यावर नाव चढत नाही, बँक उभी करत नाही. स्वस्ताईचं कारण तेच असतं: जमीन मिळते, कागद मिळत नाही.

आणि कागदाचा विषय निघाला की मला गाव आठवतं.

गावात घर महाग नाही, असं शहरातल्यांना वाटतं. एका अर्थी खरं आहे. २०११ च्या जनगणनेत ग्रामीण भागात ९४ टक्क्यांहून जास्त कुटुंबं स्वतःच्या घरात होती. भाड्याने राहणारी फक्त ३.४ टक्के, शहरात हेच २७.५. पण या आकड्याचा दुसरा अर्थ असा की गावात भाड्याने घर नावाची वस्तूच नाही. शिक्षकाला, ग्रामसेवकाला मुख्यालयी राहायला सांगतात, तसा घरभाडे भत्ताही देतात. गावात संडास-बाथरूमची दोन खोल्यांची जागा कुणी भाड्याने बांधलेली नसते. मग गुरुजी तालुक्याला राहून अप-डाऊन करतात, आणि ग्रामसभेच्या ठरावात "मुख्यालयी राहतात" असं लिहिलं जातं. सगळ्या गावाला माहीत असतं.

आमचं जुनं घर माळवदाचं. मातीच्या जाड भिंती, वर लाकूड आणि त्यावर माती. उन्हाळ्यात थंडगार, पण दर वर्षी पावसाआधी पांढरी माती टाकून चोपावं लागायचं. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्या भागात दगड-मातीच्या घरात झोपायला लोक घाबरू लागले, आणि माती चोपणारी माणसंही उरली नाहीत. धाकट्या चुलत भावाला प्रधानमंत्री आवास योजनेतून घरकुल मंजूर झालं, तेव्हा त्याने माळवद पाडलं.

आता त्याचा हिशोब. योजनेचं अनुदान १ लाख २० हजार, डोंगरी भागात १ लाख ३० हजार. राज्याने २०२५ मध्ये ५० हजारांची भर घातली, त्यातले ३५ हजार बांधकामाला आणि १५ हजार सौर पॅनेलला. शौचालयाचे १२ हजार. रोजगार हमीची ९० दिवसांची मजुरी, २०२५-२६ च्या ३१२ रुपये रोजाने २८ हजार. बांधकामाला मिळून १ लाख ९५ हजार. घर किमान २५ चौरस मीटरचं हवं, म्हणजे २६९ चौरस फूट. चौरस फुटाला दीड हजार धरले तर खर्च चार लाखांच्या वर. सिमेंटवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेवढाच काय तो दिलासा. खड्डा उरतो दोन लाखांचा.

शहरातल्या माणसाला दोन लाख म्हणजे बँकेचा एक अर्ज. साडेआठ टक्क्यांनी हप्ता १,७३६ रुपये, मुद्दलासकट. माझ्या भावाला तो अर्जच करता आला नाही. त्याच्याकडे ग्रामपंचायतीचा नमुना ८ आहे, पण तो कर आकारणीचा उतारा. मालकीचा पुरावा म्हणून बँक तो धरत नाही. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. पगाराची स्लिप नाही, तारणाला कागद नाही. मग वहिनीचं सोनं गहाण पडलं, बचत गटातून थोडे उचलले, आणि उरलेले शेकडा तीनने आणले. गावात व्याज महिन्यावर बोलतात; शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६ टक्के. सगळेच दोन लाख असे उचलले असते तर महिन्याला सहा हजार नुसतं व्याज, आणि मुद्दल जागेवर. ८० लाखांचा फ्लॅट घेणारा लाखाला ८६८ भरून मुद्दलासकट मोकळा होतो. दोन खोल्यांचं घर बांधणारा लाखाला तीन हजार भरतो आणि मोकळा होत नाही.

त्यात अनुदान टप्प्याने येतं. जोत्यापर्यंत आलं की फोटो, लिंटलपर्यंत, म्हणजे दारं-खिडक्यांच्या वरपर्यंत, आलं की फोटो. अभियंता येऊन जागेवर उभं राहून मोबाइलमधून जिओ-टॅग करणार, मग पुढचा हप्ता. म्हणजे आधी स्वतःचे घाला, मग सरकारचे येतील. ज्याच्याकडे पैसे नाहीत म्हणून योजना आहे, त्यानेच आधी पैसे उभे करायचे. आमचं घर मार्चपासून लिंटलवर थांबलंय. गजांची टोकं वर आली आहेत, आणि वहिनी तिथे कपडे वाळत घालते.

ज्याच्याकडे जागाच नाही, त्याला राज्याच्या पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून जागा खरेदीला आता १ लाखापर्यंत मिळतात, पूर्वी ५० हजार मिळायचे. पण गावठाणाला लागून गुंठा विकायला कोण तयार आहे, हे आधी शोधावं लागतं.

कागदाच्या बाबतीत एक गोष्ट मात्र खरंच हलली आहे. एप्रिल २०२० मध्ये स्वामित्व योजना सुरू झाली. ड्रोनने गावठाण मोजायचं आणि प्रत्येक घराला मिळकत पत्रिका द्यायची. महाराष्ट्रात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात आधी प्रयोग झाला होता. मिळकत पत्रिका हातात असली की गावातलं घरही तारण म्हणून बँकेपुढे ठेवता येतं. शहरात घर स्वस्त करायचं तर जमिनीशी भांडावं लागेल, ते अवघड. गावात कर्ज स्वस्त करायला एवढा एक कागद आणि बँकेची थोडी तयारी पुरेल, असं मला वाटतं. त्यावर कुणी बोलत नाही, कारण त्याचं भूमिपूजन होत नाही.

आमच्या गावाची मोजणीही झाली. भावाची मिळकत पत्रिका गेल्या महिन्यात आली, त्याने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. हद्द बरोबर, क्षेत्र बरोबर. धारक म्हणून नाव आहे आजोबांचं, ते जाऊन तीस वर्षं झाली. आता वारसनोंद करायची, म्हणजे आम्हा सहा चुलत भावांच्या आणि चार आत्यांच्या सह्या. एक आत्या सुरतला असते. अंगठ्याचं मशीन माझ्याकडे आहे, पण ते या कामाला चालत नाही.